वाचलेले आपले कसे होते?

(मंडळाच्या अभ्यासिकेत विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला 'साहित्याचे वाचन कसे करावे' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी त्यांना म्हटले की, साहेब, यासाठी एखाद्या प्राध्यापकांना बोलवा. मी बँकेत कारकून आहे. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो एवढीच माझी पात्रता. त्यावर ते म्हणाले, "प्राध्यापक दरवर्षी येतात. मुले टाळ्या वाजवतात आणि पुन्हा गाईड उघडतात. तुम्ही वह्या भरता हे आम्हाला माहीत आहे, त्या वह्यांबद्दल बोला." म्हणून मी आज वह्यांबद्दलच बोलणार आहे. काही वह्या सोबत आणल्या आहेत. अक्षर खराब आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी साहित्याची पुस्तके वाचलीच नव्हती. गाईड वाचले, मागच्या पाच वर्षांचे प्रश्न पाहिले, झेरॉक्सच्या दुकानातून कुणाच्या तरी नोट्स आणल्या. मार्क बरे पडत होते. आमचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. त्यांचे शिक्षण दुसरीपर्यंत. पण संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुऊन मला म्हणायचे, "काहीतरी वाचून दाखव." एकदा घरात बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह होता, १९६३ साली प्रसिद्ध झालेला. त्यातली त्याच नावाची कथा रेल्वेच्या नोकरीतली आहे, म्हणून मी ती दादांना वाचून दाखवली.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक तरुण गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो. तो कविता करणारा आहे, नव्या भारताच्या स्वप्नाने भारावलेला आहे. तिथले लोक त्याला वरच्या जातीचा समजतात आणि तो तसे समजू देतो. रामचरण तिवारी नावाचा सोबतचा कामगार तर त्याला मोठा कवी म्हणून मानतो. त्याच ठिकाणी काशिनाथ नावाचा दुसरा तरुण आहे. त्याने आपली जात लपवलेली नाही. तो अपमान सोसत नाही, जवळ चाकू बाळगतो. शेवटी कथा सांगणाऱ्या तरुणाची जात उघडी पडते, त्याला मार पडतो आणि काशिनाथ त्याला वाचवतो.

दादा सगळे शांतपणे ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "अरे, काशिनाथ सांगून राहिला आणि हा न सांगता राहिला. मग मार ह्याला का पडला? त्याला का नाही पडला?"

मी गाईडमधले उत्तर दिले. म्हटले, "दादा, ह्या कथेत दलित जीवनाचे विदारक आणि वास्तव चित्रण आहे. लेखकाचा विद्रोह इथे प्रकट होतो."

दादा म्हणाले, "ते पुस्तकाबद्दल झालं. मी ह्या माणसाबद्दल विचारतोय."

मित्रांनो, मी गप्प झालो. दुसरी शिकलेल्या माणसाने कथेच्या नेमक्या सांध्यावर बोट ठेवले होते आणि पदवीच्या उंबरठ्यावरचा मी 'विदारक' आणि 'वास्तव' ह्या दोन शब्दांच्या आड लपलो होतो. त्या रात्री मी ती कथा पुन्हा वाचली. खरे म्हणजे पहिल्यांदा वाचली, असेच म्हणायला हवे.

तेव्हापासून मी एक कसोटी लावतो. पुस्तकाबद्दल लिहिलेले आपले वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाखाली ठेवून पाहायचे. तिथेही ते चपखल बसले, तर खोडून टाकायचे. 'वास्तवदर्शी चित्रण', 'ओघवती भाषा', 'मनाला चटका लावणारा शेवट' ही वाक्ये कुठल्याही पुस्तकाखाली बसतात. दादांचा प्रश्न मात्र त्या एकाच कथेचा आहे.

आपल्या मुलांच्या मनात एक भीती असते, ती आधी काढून टाकली पाहिजे. साहित्य कळण्यासाठी घरात तीन पिढ्यांचे वाचन लागते, आपल्याकडे ते नाही, म्हणून आपल्याला ते कळणार नाही, आपण पाठ करावे हे बरे, अशी ती भीती आहे. ह्यावर मी तुम्हाला इंग्लंडमधली एक गोष्ट सांगतो. आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक केंब्रिज विद्यापीठात शिकवत. ते विद्यार्थ्यांना कविता वाटायचे, पण कवीचे नाव झाकून ठेवायचे, आणि म्हणायचे की, वाचा आणि काय वाटते ते लिहून आणा. अशा तेरा कविता आणि त्यांवरचे विद्यार्थ्यांचे लेखी अभिप्राय त्यांनी १९२९ साली पुस्तकरूपाने छापले. काय दिसले? चांगल्या शाळांतून आलेली, इंग्रजी मातृभाषा असलेली ती मुले साधा सरळ अर्थ लावतानाही चुकत होती. नामवंत कवींच्या काही कविता त्यांनी टाकाऊ ठरवल्या. समोर काय लिहिले आहे ते न पाहता त्यांनी आधीपासून मनात असलेले ठराविक मत तिथे चिकटवले. म्हणजे घरात पुस्तकांची कपाटे असली तरी वाचन आपोआप येत नाही. ते शिकावे लागते, आणि जे शिकता येते ते आपल्याही हातात आहे.

आता माझी पद्धत सांगतो. ती मी बँकेकडून घेतली आहे.

बँकेत एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात : व्हाउचरशिवाय नोंद नाही. कितीही खात्रीचा व्यवहार असो, कागद हातात असल्याशिवाय खात्यावर रक्कम चढत नाही. वाचनाच्या वहीत मी हाच नियम ठेवला. 'हा नायक भित्रा आहे' असे मला वाटले, तर कुठल्या पानावर काय घडले म्हणून असे वाटले, ते पान शेजारी लिहायचे. पान सापडले नाही, तर ते मत माझे आहे, पुस्तकाचे नाही. सुरुवातीला हे फार त्रासाचे वाटते. माझी अर्धी मते पहिल्याच महिन्यात नापास झाली.

पण अशा वेळी ते मत फेकून द्यायचे का? नाही. बँकेत ज्या रकमेचा खुलासा होत नाही ती आपण सस्पेन्स खात्यात ठेवतो. खुलासा झाला की योग्य खात्यात वळती करतो. माझ्या प्रत्येक वहीची शेवटची चार पाने सस्पेन्स खाते आहेत. जे कळले नाही, जे पटले नाही, जे पटले पण पुरावा मिळाला नाही, ते तारीख घालून तिथे लिहायचे. काही नोंदी आठवड्यात सुटतात. काहींना पंधरा वर्षे झाली.

वहीचे पान असे आखा. डावीकडे चार बोटे समास सोडा. उजवीकडच्या मोठ्या भागात पुस्तकात काय आहे ते, स्वतःच्या शब्दांत, पान क्रमांकासह. डावीकडच्या समासात आपले प्रश्न. पानाच्या तळाशी पाच-सहा ओळी मोकळ्या ठेवा. पुस्तक मिटून, दुसऱ्या दिवशी, आठवेल तेवढे तिथे लिहा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी १९६२च्या आपल्या पुस्तकात साधारण अशीच आखणी सांगितली आहे. मला ती फार उशिरा समजली, पण समास सोडायची सवय कारकुनाला असतेच.

वाचन तीनदा करावे. पहिल्यांदा हातात पेन्सिलसुद्धा नको. गोष्ट म्हणून वाचा, रडू आले तर रडा. दुसऱ्यांदा पेन्सिल, तीही पुस्तक स्वतःचे असेल तर. ग्रंथालयाचे असेल तर कागदाचे कपटे घाला. पुस्तकावर रेघा मारणारे लोक मला नोटांवर हिशेब लिहिणाऱ्या खातेदारांसारखे वाटतात. तिसऱ्यांदा वही. कादंबरी असेल तर तिसरे वाचन सगळ्या पुस्तकाचे होत नाही, निवडक प्रकरणांचे होते. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

हे सारे कोरडे वाटेल, म्हणून त्याच कथेची माझी वही उघडतो. फक्त शीर्षकावर मी तीन नोंदी केल्या आहेत.

पहिली नोंद 'चोरली' ह्या शब्दावर आहे. लेखकाने 'लपवली' असे का लिहिले नाही? चोरी आपण दुसऱ्याच्या वस्तूची करतो. मग ह्या तरुणाने कुणाची वस्तू चोरली? त्याने वरच्या जातीचा मान चोरला काय? असे मी आधी लिहिले. पुढे एकदा लोकलमध्ये गर्दीत बसलो होतो, शेजारी एक बाई कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या, आणि माझ्या डोक्यात लख्ख झाले. मराठीत 'अंग चोरणे' म्हणजे आहे त्याहून लहान होऊन बसणे. 'काम चोरणे' म्हणजे द्यायचे ते न देणे. जात चोरणारा माणूस स्वतःचे अंगच आत ओढून घेतो, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. शीर्षकात हे दोन्ही अर्थ आहेत असे माझे मत झाले. लेखकाच्या मनात दोन्ही होते की नाही हे मी सांगू शकत नाही, पण भाषेत ते आहेत आणि वाचकाला त्यांचा हक्क आहे.

दुसरी नोंद 'होती' ह्या शब्दावर. ही घटना घडून गेली आहे. सांगणारा आज जात चोरत नाही. म्हणजे कथेत 'मी' दोन आहेत : एक मार खाणारा आणि एक नंतर, शहाणा होऊन, ती हकीकत सांगणारा. कुठले वाक्य कोणत्या 'मी'चे आहे हे वेगळे करून पाहा. मी निळ्या आणि काळ्या शाईने केले आहे.

तिसरी नोंद 'जेव्हा'वर. मराठीत 'जेव्हा' आले की 'तेव्हा' यावे लागते. शीर्षकात ते नाही. वाक्य अर्धे ठेवले आहे, आणि पूर्ण कथा म्हणजे ते 'तेव्हा'. शाळेत आपण गौण वाक्य आणि मुख्य वाक्य पाठ करतो, दोन मार्कांसाठी. ते व्याकरण इथे उपयोगी पडले तेव्हा मला माझ्या शाळेतल्या बाईंची आठवण झाली.

पुढचे पान पात्रांचे आहे. मधोमध रेघ मारली, एका बाजूला सांगणारा, दुसऱ्या बाजूला काशिनाथ. एकाजवळ शब्द आहेत, दुसऱ्याजवळ चाकू. एकाला मान मिळतो, दुसऱ्याला शिव्या. पण घाबरून कोण राहतो? मान मिळणारा. हे लिहिले आणि दादांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती आले. काशिनाथजवळ उघडे पडण्यासारखे काही उरलेच नव्हते. ह्या तरुणाला मात्र मान मिळाला होता, आणि फसवले गेलो असे वाटणारे लोक केवळ तिरस्कार करणाऱ्यांपेक्षा जास्त चवताळतात. हे उत्तर दादांना सांगितले. ते म्हणाले, "असेल." त्यांचे पूर्ण समाधान झाले नाही, आणि ते त्यांनी लपवलेही नाही.

तुमच्यासाठी एक काम. ह्या तरुणाने जात नेमकी कोणत्या क्षणी चोरली? तो उघड खोटे बोलतो, की लोक समजतात ते तसेच राहू देतो? ते पान शोधून काढा. ते पान सापडल्यावर कथेतला दोष कुणाच्या पदरात घालायचा, ह्याबद्दलचे तुमचे मत बदलेल असा माझा अंदाज आहे.

आणि एक सूचना. सांगणारा 'मी' म्हणजे बागुल, असे धरून चालू नका. बागुल १९३० साली नाशिक जिल्ह्यात जन्मले, २००८ साली गेले, मुंबईच्या कामगार वस्तीत वाढले, आणि आपले अनुभव त्यांनी लिहिण्यात आणले हे खरे. पण कथेतला माणूस लेखकाने रचलेला असतो. त्याच्या चुका लेखकाला दिसत असतात, म्हणून तर त्या आपल्याला दिसतात.

आत्मकथनातसुद्धा ही सावधगिरी लागते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. आमच्या वस्तीत ते अनेकांनी वाचले आहे. पण विचारा, हकीकत कोण कुणाला सांगतो? दगडू सांगतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसले आहेत, एक वस्तीतला, एक शिकून पांढरपेशा झालेला. सुरुवातीची ही पाने बरेच जण 'प्रस्तावना असेल' म्हणून उलटतात. ती उलटली की पुस्तकातली लाज आणि पुस्तकातला कबुलीचा स्वर कुठून येतो ते कळत नाही. शिवाय शीर्षकाचा शब्दही पाहा. गावकीच्या कामाच्या बदल्यात मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुतं. आज पंधरा-सोळा वर्षांच्या शहरातल्या मुलाला तो माहीत नसतो आणि विचारायला लाज वाटते. शब्दकोश जवळ ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा. शब्दासोबत त्यांच्याकडून एखादी हकीकतही मिळते.

चुका कोणत्या होतात, ते माझ्या अनुभवावरून सांगतो. उतारेच्या उतारे वहीत उतरवून काढणे ही पहिली. हात दुखतो आणि अभ्यास झाल्याचे समाधान मिळते, पण डोके झोपलेले असते. सध्या मुले पानाचा मोबाईलवर फोटो काढतात. त्यात तर हातसुद्धा दुखत नाही. सगळ्या ओळींखाली रेघा मारणे ही दुसरी. सुवाच्य वही करण्याचा नाद ही तिसरी, आणि मुलींना हे विशेष सांगतो, कारण त्यांना लहानपणापासून त्यासाठीच शाबासकी मिळालेली असते. वही खाडाखोडीची असू द्या. मत बदलल्याची ती निशाणी आहे. रोज अर्धा तास पुरे. एका खोलीत सहा माणसे राहतात, टीव्ही चालू असतो, हे मला माहीत आहे. म्हणूनच तर मंडळाने ही अभ्यासिका काढली.

एक अडचण मात्र झाकून ठेवणार नाही. मागे आपल्याच वस्तीतली एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिने ह्या पद्धतीने वाचन केले होते. महाविद्यालयाच्या चाचणी परीक्षेत तिने स्वतःचे उत्तर लिहिले, शीर्षकातल्या शब्दांवरून सुरुवात करून. तिला कमी मार्क मिळाले. गाईडमधले सात मुद्दे लिहिणाऱ्या मैत्रिणीला जास्त मिळाले. तिने मला विचारले, "काका, माझं चुकलं का?"

तिला काय सांगावे हे मला चटकन सुचले नाही. मार्कांवर तिची शिष्यवृत्ती अवलंबून होती, आणि माझा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. पोट भरलेल्या माणसाने उपाशी माणसाला बाणेदारपणा शिकवू नये. मी तिला म्हटले की तुझे चुकले नाही, पण तपासणाऱ्याकडे वेळ थोडा असतो. आधी तो शोधत असलेले मुद्दे दे, प्रत्येक मुद्द्याखाली तुझा एक पुरावा दे, आणि शेवटचा परिच्छेद पूर्ण तुझा असू दे. तिने तसे केले. ह्यात मी तडजोड शिकवली हे मला मान्य आहे. ज्यांना ती पटत नसेल त्यांनी चर्चेत जरूर बोलावे.

मोठ्या परीक्षांची गोष्ट जरा वेगळी आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि बागुलांचा हा संग्रह त्याच्या अभ्यासक्रमात आहे. तिथे ठराविक वाक्ये शेकडो उमेदवार लिहितात. ज्याने पुस्तक हातात धरले आहे त्याचे उत्तर वेगळे दिसते. आपल्यापैकी जे त्या तयारीला लागले आहेत त्यांनी वही आजपासून सुरू करावी.

विश्लेषण केले की वाचनाचा आनंद जातो, असे काही जण म्हणतात. मला तसे आढळले नाही. तमाशाचा ढोलकीवाला ओळखीचा असला म्हणून ढोलकी कमी वाजत नाही.

दादा आता नाहीत. माझ्या त्या पहिल्या वहीच्या सस्पेन्स खात्यात त्यांचा प्रश्न पहिल्या क्रमांकावर आहे. त्याखाली मी निरनिराळ्या तारखांना चार उत्तरे लिहिली आहेत. त्यातली दोन खोडली आहेत. तिवारीबद्दलही तिथेच एक नोंद आहे : त्याचे त्या तरुणावर प्रेम होते ते कवीवर होते, की त्याने मानलेल्या जातीवर? पानांचे पुरावे दोन्ही बाजूंचे निघतात. अजून ताळा जुळलेला नाही.

अभ्यासिकेच्या कपाटात ह्या संग्रहाच्या दोन प्रती ठेवल्या आहेत. ज्याला न्यायची असेल त्याने ग्रंथपालांकडे सही करून न्यावी आणि आठ दिवसांत परत करावी, म्हणजे दुसऱ्याला मिळेल. पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आपण इथेच बसू. प्रत्येकाने वही आणावी आणि वहीत निदान एक प्रश्न लिहून आणावा. उत्तर आणले नाही तरी चालेल.

जयभीम.